साडेसात हात

मित्रांनो, मी अंबाडीचा एक दोर आहे. वय विचाराल तर अकरा वर्षं, म्हणजे दोराच्या मानानं म्हातारपणच. माझी लांबी साडेसात हात आहे. पण मी जन्मलो तेव्हा चांगला पंधरा हात होतो. माझा उरलेला अर्धा भाग समुद्रापलीकडे एका डोंगरातल्या गावात आहे. तो तिथं कसा राहिला, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

करमाडच्या पुढं लक्ष्मण सरांचं गाव आहे. तिथल्या त्यांच्या शेतात तुरीच्या कडेनं अंबाडी लावलेली असायची. गावात दोर वळणाऱ्या कचरूबाबांनी तिच्या काड्या कापल्या, नाल्याच्या डोहात दगडाखाली दाबून भिजवल्या, कुजल्यावर सोलून धुतल्या. त्यातून जो पांढुरका, लांबसडक वाख निघाला, ते माझं बालपण. सर दोर सांगायला आले तेव्हा कचरूबाबांनी विचारलं, "मास्तर, बैल बांधायचा का पोरं?"

"पोरं," सर म्हणाले.

"मग लई कडक पीळ देत नाय. पोरांचे हात सोलतेत."

असा मी तीन पदरांचा, पण हाताला मऊ असा झालो आणि संभाजीनगरच्या शाळेत आलो. सर तिथं गणित शिकवायचे. विशाखा मॅडमच्या जोडीनं ते स्काउट आणि गाइडचं पथक चालवायचे. माझ्यावर किती मुलं गाठी शिकली, याची मोजदाद नाही. कुणी मला झाडाला बांधलं, कुणी तंबूला, कुणी खोड्या काढताना मित्राच्या पायाला. जिल्ह्याच्या मेळाव्यात आमच्या पथकानं काठ्या बांधून उभारलेला मनोरा पहिला आला, तेव्हा परीक्षकांनी मला हातात घेऊन विचारलं होतं, हा कुणी वळला. सरांनी कचरूबाबांचं नाव सांगितलं. त्या दिवशी माझा पीळ थोडा जास्तच घट्ट झाला असावा.

पुढं शाळेत निळे-केशरी नायलॉनचे दोर आले. ते भिजत नव्हते, कुजत नव्हते, दिसायलाही देखणे. मी कपाटात तळाशी गेलो. महिन्यामागून महिने गेले. उंदरांनी माझं एक टोक कुरतडून पाहिलं. तरी शनिवारी सर कपाट उघडायचे, मला उन्हात पसरायचे आणि संध्याकाळी पुन्हा गुंडाळून ठेवायचे. एवढ्यावर मी दिवस काढत होतो.

सरांना एकाच गोष्टीची आस होती. तीस वर्षं त्यांनी मुलांना शिबिरांना नेलं, पण सगळी इथलीच. परदेशातल्या शिबिरात, वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलांबरोबर एकदा तरी डोंगर चढावा, असं त्यांना फार वाटायचं. आणि निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना ते जुळून आलं. श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांत मे महिन्यात गाइडांचं शिबिर होतं. आमच्या शाळेतल्या चार मुली निवडल्या गेल्या. मॅडम आणि सर बरोबर जाणार होते. सरांनी पासपोर्ट काढला. तो ते वर्गातसुद्धा खिशात घेऊन यायचे.

निघायला बारा दिवस उरले असताना सरांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात त्यांच्या शिरेत नळी बसवली. डॉक्टर विमान नको म्हणाले, चढण तर मुळीच नको. सुरेखाबाई, म्हणजे सरांच्या पत्नी, सांगत होत्या की त्यावर सर नुसते भिंतीकडं तोंड करून पडले.

जायच्या आदल्या दिवशी चौघी मुली त्यांना भेटायला गेल्या. त्यांच्यात ओवी नावाची एक नववीतली मुलगी होती. बोलायला कमी, पण गाठ एकदा बघितली की कधी न विसरणारी. सरांनी सुरेखाबाईंकरवी मला शाळेच्या कपाटातून मागवून ठेवलं होतं, ते आता तिच्या हातात दिलं.

"मी काय येत नाय आता. ह्याला ने. शेवटच्या दिवशी डोंगर चढतेत, तेव्हा संगं असू दे. आणि जसा नेतीस तसा परत आण."

ओवीनं मान हलवली.

मित्रांनो, बेचाळीस अंशांच्या उन्हातून मी अशा ठिकाणी पोचलो, जिथं सकाळी श्वासाची वाफ दिसायची. डोंगर सगळे हिरवे, आणि चहाची झुडपं कुणी कात्रीनं कापून बसवल्यासारखी. पण पाच दिवस मी सॅकमध्येच होतो. शिबिराचा नियम होता, तपासून शिक्का मारलेलेच दोर पुलासाठी, चढण्यासाठी वापरायचे. ओवी रोज मला बाहेर काढून विचारायची आणि रोज परत ठेवायची. मॅडमनी तिला समजावलं, नियम आहे, राहू दे तंबूत.

सहावा दिवस मैदानी कार्यक्रमांचा शेवटचा. सकाळी ओढ्यावर दोराचा पूल बांधून झाला, नेमबाजी झाली. मग आठ-आठ जणींच्या तुकड्या डोंगराकडं निघाल्या. आमच्या चौघी आणि तिथल्या चौघी. बरोबर तिथल्या एक वयस्क बाई. तंबूत ठेव म्हणून सांगितलेलं असूनही ओवीनं मला सॅकमध्ये घेतलं होतं.

वर पोचल्यावर सगळ्यांनी डबे उघडले. खायला सुरुवात करतात न करतात, तोच धुकं आलं. ते आमच्याकडच्या हिवाळ्यातल्या धुक्यासारखं नव्हतं. हातभर अंतरावरची मुलगी दिसेना. उतरायची वाट अरुंद, आणि एका बाजूला कडा. त्या बाईंनी आपल्याजवळचा नायलॉनचा दोर काढला आणि सगळ्यांना धरायला लावला. पण सगळ्यांचे हात ओले झाले होते, दोर हातातून सरकत होता. संदुनी नावाची तिथली एक मुलगी होती. तिच्या चष्म्यावर पाणी साचलेलं. तिच्या हातून दोर निसटला आणि ती तिथंच खाली बसून रडायला लागली.

ओवीनं सॅक उघडली. बाईंनी मला हातात घेतलं, ओल्या बोटांत ओढून बघितलं आणि मान डोलावली. बाई सर्वांत पुढं झाल्या. त्यांच्यामागं ओवी, तिच्यामागं संदुनी, मग बाकीच्या.

अंबाडी भिजली की हाताला घट्ट धरते. त्या दिवशी आठ मुलींचे तळवे माझ्या अंगावर होते, गार आणि ओले. संदुनीनं तर मला इतकं आवळलं होतं, की तिची नखं माझ्या पदरांत रुतली होती. ओवीचं इंग्रजी बेताचंच. घाईत तिला ते आठवेना. मग ती पाय टाकण्याआधी सरळ मराठीत ओरडायला लागली, "दगड. उतार. थांब." पहिल्यांदा तिथल्या मुलींना काही कळलं नाही. पाऊल टाकलं की कळायचं. थोड्या वेळानं संदुनी मागच्या मुलीला सांगायला लागली, "दगड." तिनं तिच्या मागच्या मुलीला. दीड तासानं आम्ही मळ्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा आठही जणी "उतार, उतार" म्हणत हसत होत्या, आणि तिथं आता काही उतार नव्हता.

संध्याकाळी शेकोटीच्या आधी मुली एकमेकींना आठवणी देत होत्या. कुणी स्कार्फ, कुणी बिल्ले. संदुनी ओवीकडं आली आणि तिनं माझ्याकडं बोट दाखवलं. एक तुकडा हवा होता तिला.

ओवी मला मांडीवर घेऊन तंबूसमोर बसली. जसा नेतीस तसा परत आण, असं सर म्हणाले होते. तिनं मॅडमना विचारलं. मॅडम म्हणाल्या की शब्द तू दिलास, तेव्हा ठरवायचंही तूच. ती बराच वेळ माझ्यावरून हात फिरवत राहिली. मग तिनं मला मधोमध दुमडलं. सॅकमधून जाड दोरा काढला, मध्याच्या दोन्ही बाजूंना आवळून गुंडाळला आणि मधे सुरी चालवली.

दुखलं का, असं तुम्ही विचाराल. नाही दुखलं. पण तेव्हापासून मला माझं एक टोक नवं वाटतं, परक्याचं असावं तसं.

परत आल्यावर दोन दिवस ओवी सरांकडं गेलीच नाही. तिसऱ्या दिवशी औरंगपुऱ्यामागच्या गल्लीतल्या त्यांच्या घराचे जिने ती चढली. सर खुर्चीत बसले होते, बारीक झालेले. तिनं मला त्यांच्या हातात दिलं. सरांनी मला कोपरापासून बोटांपर्यंत मोजायला सुरुवात केली. सात हातांवर ते थांबले. उरलेला अर्धा मोजला आणि पुढचं टोक शोधायला हात पुढं गेला, तो रिकामाच राहिला.

"सर, अर्धा मी तिथल्या एका मुलीला दिला." ओवी म्हणाली.

सर माझ्या नव्या टोकाकडं बघत होते. सुरेखाबाई पाण्याचा पेला घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

"तिच्या तुकड्याचं टोक बांधून दिलं का नाय?" सरांनी विचारलं.

"दिलं, सर. आधी दोन्हीकडून बांधलं, मग कापला."

"मग झालं," सर म्हणाले. मला मांडीवर ठेवून म्हणाले, "आता त्या दिवसाचं सांग. सकाळपासून. घाई करू नको."

ओवी सांगत गेली. धुक्यापाशी आली तेव्हा सर उठले. डॉक्टरांनी त्यांना संध्याकाळी गच्चीवर हळू चालायला सांगितलं होतं. ते तिला वर घेऊन गेले. माझं एक टोक तिच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि डोळे मिटले. ओवीला कळलं. ती पुढं झाली.

"दगड," ती म्हणाली.

"दगड," सर म्हणाले आणि पाऊल जपून उचललं.

"उतार, सर."

"उतार."

पाण्याच्या टाकीला वळसा घालून, वाळत घातलेल्या चादरींच्या कडेनं ते दोघं चालत होते. एका ठिकाणी सर थांबले. त्यांनी विचारलं, "इथून खाली काय दिसतंय?"

"काहीच नाय, सर. सगळं धुकं हे."

"बरं," सर म्हणाले. त्यांचा तळवा घामानं ओला झाला होता, आणि मला तो त्या आठ तळव्यांसारखाच लागला. सुरेखाबाई जिन्याच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. चहा निवून गेला, पण त्यांनी हाक मारली नाही.

त्या उन्हाळ्यात ओवी आठ-दहा वेळा आली, आणि दर वेळी आम्ही तो डोंगर उतरलो.

आता ओवी लातूरला शिकायला गेली आहे. सर निवृत्त झाले. मी त्यांच्या दारामागच्या खिळ्यावर असतो. आठवण झाली की सुरेखाबाई मला ऊन दाखवतात. नाहीतर मी तसाच, धूळ खात. परवा सरांनी ओवीला फोन केला होता. तिची परीक्षा होती, दोनच मिनिटं बोलली. फोन ठेवून सरांनी मला खिळ्यावरून काढलं, गच्चीवर नेलं, माझं एक टोक धरलं आणि डोळे मिटले. माझं दुसरं टोक फरशीवर पडून होतं. दोन पावलं टाकून सर थांबले आणि मला गुंडाळून खाली आले.

मित्रांनो, आम्हा दोरांना वर्षातून चार दिवस ऊन मिळालं तर आम्ही फार काळ टिकतो. तेवढं तुम्ही करालच. पण तुमच्या घरी कुणी असं असेल, ज्याला तुमच्याबरोबर यायचं होतं आणि येता आलं नाही, तर परतल्यावर फोनमधले फोटो दाखवून उठू नका. त्याच्याजवळ बसा आणि सकाळपासून सांगा. एकदा सांगून झालं असेल तर पुन्हा सांगा.

मला तर बोलता येत नाही. लातूरला ओवी भेटली, तर दिवाळीच्या सुटीत एकदा सरांकडं जाऊन ये, एवढं तिला तुम्ही सांगाल का?