विष्णूभियांची हाफ प्लेट

आमच्या चौथीच्या वर्गात बेचाळीस मुलं. निम्मी मराठी घरातली, निम्मी मालवी बोलणारी. निम्मी म्हणजे बरोबर एकवीस. मी मोजली आहेत. राऊ गावच्या या शाळेत मला साडेपाच महिने झाले होते आणि सहाव्याच्या शेवटी मुख्याध्यापिका सरोजिनीबाई माझा एक तास पाहणार होत्या. तास पसंत पडला तर नोकरी पक्की. नाही तर सामान बांधून नाशिकला परत. मला परत जायचं नव्हतं. ही मुलं मला आवडायला लागली होती.

अडचण एकाच मुलीची होती. शमिका. अपूर्णांकांचा धडा सुरू झाल्यापासून वहीत ती दर वेळी लिहायची: अर्धा अधिक अर्धा बरोबर एकापेक्षा जास्त. मी कागदाचे गोल कापले, रंगवले, घड्या घातल्या. ती सगळं नीट बघायची, मान डोलवायची आणि पुन्हा तेच लिहायची.

"असं का गं?" मी विचारलं.

"होतं ना, मॅडम," ती शांतपणे म्हणाली.

शमिकाचे वडील विष्णूभिया शाळेच्या फाटकासमोर पोह्यांची गाडी लावतात. रोज सकाळी माझी एक फुल प्लेट तिथेच असते. मला वाटलं, कागदावर विश्वास नसेल तर घरच्या पोह्यांवर तरी बसेल. निरीक्षणाच्या दिवशी मी गाडीवर एक फुल आणि दोन हाफ प्लेट मागितल्या.

"शेव घालू नका," मी म्हटलं. "जिरावन मसाला पण नको."

विष्णूभियांचा हात थांबला. "बिना शेव के? मॅडम, तबीयत ठीक आहे ना?"

"वजन करायचंय."

"पोह्यांचं?" त्यांनी मागच्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं. "देखो भिया, पढ़े-लिखे लोग."

वर्गात सरोजिनीबाई मागच्या बाकावर वही उघडून बसल्या. प्रयोगशाळेतला वजनकाटा मी टेबलावर ठेवला, रिकामी प्लेट ठेवून आकडा शून्यावर आणला आणि म्हटलं, "दोन हाफ मिळून किती होणार?"

"एक फुल," एकेचाळीस मुलं म्हणाली.

फुल प्लेट भरली एकशे ब्याऐंशी ग्रॅम. पहिली हाफ एकशे एकवीस. दुसरी एकशे अठरा. यशवर्धनला बेरजेची घाई असते. त्याने लगेच सांगितलं, "दोनशे एकोणचाळीस. मॅडम, ये तो ज़्यादा हो गया."

मी काटा पुन्हा शून्य करून पुन्हा वजन केलं. तेच. प्रयोग वर्गात करण्याआधी स्वतः एकदा करून बघावा, हे मी पूर्वी नाशिकला कॉलेजात शिकवताना मुलांना दर वर्षी सांगायचे. पण जवळजवळ सहा महिने मी फुल प्लेटच खात आले होते. हाफकडे कधी पाहिलंच नव्हतं.

मागच्या बाकावर पेन चालल्याचा आवाज आला.

काटा बिघडलाय म्हणावं, असं क्षणभर मनात आलं. पण शमिका माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद मुळीच नव्हता. तिला हे आधीपासून माहीत होतं, एवढंच.

"शमिका, पुढे ये," मी म्हटलं. "माझं चुकलं. कुठे चुकलं ते तू सांग."

ती आली. "फुलमध्ये तीन चमचे असतात. हाफमध्ये दोन."

"दीड का नाही?"

"पप्पा म्हणतात, दीड चमचा कोण नापत बसेल? आणि एका चमच्यात कोणाचं पोट भरतं?"

वर्ग हसला. मी फळ्यावर तीन चौकोन काढले, त्यातले दोन रंगवले. "मग ही हाफ प्लेट फुलचा कितवा भाग झाली?"

मग अनीश, जो सहसा खिडकीबाहेर बघत असतो, म्हणाला, "तीनातले दोन. दोन छेद तीन."

तृतीयांश तर मी पुढच्या आठवड्यात शिकवणार होते.

"आता खरा अर्धा करून दाखव," मी शमिकाला म्हटलं. तिने फुल प्लेटमधून पोहे रिकाम्या प्लेटमध्ये काढायला सुरुवात केली. काटा पंच्याण्णववर गेला, मग अठ्ठ्याऐंशीवर आला. शेवटी एक हिरवी मिरची इकडची तिकडे केली आणि काटा एक्क्याण्णववर थांबला. उरलेले पोहेही एक्क्याण्णव. तिने दोन्ही प्लेट एकत्र ओतल्या, आकडा पाहिला आणि स्वतःच्या वहीतलं उत्तर खोडलं.

मग तिने हळूच विचारलं, "म्हणजे पप्पांची हाफ चूक आहे?"

"हाफ म्हणून चूक आहे," मी म्हटलं. "प्लेट म्हणून छान आहे."

तास संपला. सरोजिनीबाई टेबलापाशी आल्या. "तुमच्या पाठ टाचणात यातलं काही नव्हतं."

"नव्हतं."

"तुम्ही दोनदा वजन केलंत. तेव्हा मी लिहिलं होतं, 'गोंधळल्या.'" त्यांनी वही माझ्याकडे वळवली. तो शब्द एका सरळ रेघेने खोडलेला होता. "पुढच्या महिन्यात दशांश अपूर्णांक आहेत. ते तुम्हीच घ्यायचे." मग एक चमचा पोहे तोंडात टाकून त्यांनी तोंड वाकडं केलं. "आणि यापुढे शेव घालून आणा. वजनातून वजा करता येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीवर आमच्याच वर्गाची पाच-सहा मुलं उभी होती. मला पाहताच विष्णूभियांनी चमचा खाली ठेवला.

"मॅडम, बच्चों को क्या पढ़ा दिया? सुबह से सगळे दो बटे तीन प्लेट मागतायत."

"मग द्या ना. तुम्ही रोज तीच देता."

"वो तो शमिकाने घरी पण सांगितलं," ते म्हणाले, आणि माझ्या फुल प्लेटमध्ये तीन चमचे मोजून, त्यावर न मोजता शेव घातली.