कडी आतून होती

मी खोली नंबर नऊचा दरवाजा बोलून राहिलो. अकोल्याच्या या कॉलेजात माझ्यावाचून एकही माणूस शिकून बाहेर पडलेला नाही. म्हणजे, शेजारी खिडकी आहे म्हणा. निम्मी पोरं तास चालू असतानाच तिच्यातून पडली, अन् पुढे ज्यांचं बरं झालं, तीही बहुतेक खिडकीवालीच.

घराण्याचंही तसंच. मी मेळघाटच्या सागाचा, असं प्राचार्य पाहुण्यांना सांगतात. सागाची फक्त चौकट आहे. मी आंब्याच्या फळ्यांचा. साग पुरला नाही म्हणे. त्या वर्षी सुताराच्या घरी मात्र सागाचा झोपाळा लागला.

पावसाळ्यात मी फुगतो, उन्हाळ्यात आकसतो, अन् बाराही महिने खोड्या करतो. प्राचार्य बोलायला उभे राहिले की करकरतो. कडक इस्त्रीचा झब्बा दिसला की बाही कडीत पकडतो. एवढ्याशा करमणुकीवर आयुष्य काढलं.

शिक्षण अर्धंच. माझी एक बाजू वर्गात, एक व्हरांड्यात. आतल्या बाजूनं अलंकार ऐकले, बाहेरच्या बाजूनं पोरांच्या शिव्या. खरं सांगू? शिव्या लवकर समजल्या.

मग देवानंद सर आले. लेखनकौशल्याचा तास त्यांच्याकडे. माणूस वाईट नाही, पण कुणाला पानाचा नाद असतो, कुणाला भजनाचा, यांना नियमांचा. यंदा पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या आतल्या अंगाला कागद चिकटवला. घंटेनंतर दार बंद. उशिरा आलेल्यानं ठोठावू नये. मोबाइल सरांच्या टेबलावर. अन् लेखन वर्गातच, सरांच्या डोळ्यांसमोर. बाहेरून आणलेलं धरलं जाणार नाही.

त्या शेवटच्या नियमाला कारण होतं. मागच्या वर्षी सरांनी ‘माझी आजी’वर निबंध मागवला, तर सगळ्या वर्गाची आजी एकच निघाली. सगळ्यांची समुद्राकाठी राहणारी, सगळ्यांना शहाळं देणारी. अकोल्याच्या पोरांची आजी! मोबाइलनं जी आजी दिली ती पोरांनी घेतली. सरांना कितीतरी दिवस अन्न गोड लागलं नाही.

तेव्हा नियमांना मी नावं ठेवत नाही. कागदावर ते सरळच होते. पातूरकडून येणारा रस्ता तेवढा वाकडा होता.

त्या रस्त्यानं माहेनूर यायची. पातूरला सायकली दुरुस्त करणाऱ्या रहमतुल्लाची पोरगी. सकाळची बस तिच्या फाट्यावर भरूनच येते. कधी थांबते, कधी कंडक्टर ‘मागून येते’ असा हात करतो. मागून धूळ येते. पोरगी धावत व्हरांड्यात पोचायची, तोवर कडी पडलेली असायची.

सर स्वतःही घंटेनंतरच येतात. पण सर आत आले की घंटा झाली, अशी इथली रीत. वेळ सरांच्या खिशात असते, पोरांची बसच्या.

दुसरी पोरं अशा वेळी कँटीन गाठतात. ही माझ्या फटीला कान लावून उभी राहायची. आमचा शिपाई बंडू तिच्यावर चिडायचा.

“काहून उभी राहून राहिली व? घरी जाय ना बाप्पा!”

“बंडूभाऊ, सरांचा आवाज इथलोक येते. फुकटचा काहून सोडू?”

“अन् हजेरी?”

“दरवाजाची लावा. तो रोज असते.”

आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझी हजेरी धरली.

आता मुख्य दिवसाचं सांगतो. त्या दिवशी वीस मार्कांचा निबंध होता. तो नसेल तर परीक्षेला बसता येत नाही, म्हणजे वर्ष गेलं. नेमकी बस हुकली, नेमकी कडी पडली. त्यात तपासणी समिती येणार म्हणून कॉलेजनं मला निळा रंग फासला होता. रंग स्वस्तातला. हाताला लागत नव्हता, पण नख दाबलं की खड्डा पडायचा.

सरांनी आत विषय सांगितला, ‘वाट पाहणे’. गळा वऱ्हाडी, विषय सांगितला वर्गाला, ऐकला कँटीननं. माहेनूरनं पिशवीतून कागद काढला, माझ्या अंगावर धरला अन् उभ्या उभ्याच लिहायला लागली. उभ्या कागदावर बॉलपेन अडतो. शाई उतरेना, म्हणून ती दाबून दाबून लिहायची. एकेक अक्षर कागदातून माझ्या रंगात रुतत गेलं. आधी मला गुदगुल्या झाल्या. मग तिनं काय लिहिलं ते कळलं, अन् गुदगुल्या थांबल्या.

तिनं लिहिलं होतं, ‘आमच्या फाट्यावर पार्बताबाई रोज सकाळी येते. तिला कुठे जायचं नसतं. आम्ही पोरींनी हात केला तर ड्रायव्हर थांबत नाही, म्हातारीनं केला तर थांबतो. म्हणून ती आमच्यासाठी हात करते. गाडी थांबते, आम्ही चढतो, अन् ती खालीच राहते. ज्या दिवशी तिचे गुडघे दुखतात, त्या दिवशी आम्हाला उशीर होतो.’

तास संपता संपता तिनं कागद माझ्या पायाखालून आत सरकवला. कुणीतरी उचलून गठ्ठ्यात टाकला.

दुसऱ्या दिवशी पार्बताबाईचे गुडघे बरे असावेत. माहेनूर वेळेवर आत होती. सर म्हणाले, “एक निबंध वाचून दाखवतो.” अन् तोच वाचला. सरांनी चष्मा पुसला.

“याला म्हणतात लेखन! कोणाचं आहे हे?” त्यांनी कागद उलटला. नाव पाहिलं. “माहेनूर? तू तर काल वर्गातच नव्हतीस.”

“बाहेर लिहिलं सर. दरवाजावर.”

“मोबाइलमध्ये पाहून?”

“मोबाइलमध्ये आमची पार्बताबाई दिसते का सर?”

पोरं हसली. तिथं घात झाला. एरवी सर पुस्तकातलं बोलतात. राग आला की घरचं. “माह्यासमोर लिहिलं नाही, ते माह्यासाठी लिहिलंच नाही! शून्य!”

“सर, वर्ष जाईन माहं. दरवाजाले तरी विचारा!”

पोरं आणखी हसली. मी जीव खाऊन करकरलो. सर म्हणाले, “बंडू, याले तेल टाक.”

साक्ष द्यायला गेलो, तोंडात तेल पडलं.

पण तेल टाकता टाकता बंडूला तिरप्या उन्हात माझ्या अंगावरची अक्षरं दिसली. त्यानं सरांना बोलावलं. सर गुडघ्यावर बसले. ओळींवरून बोट फिरवत गेले, ओठ हलत होते. पार्बताबाईपाशी बोट थांबलं. मला वाटलं, झालं! जिंकलो!

सर उठले. गुडघे झटकले. “बंडू, लिहिलं तिनंच.”

“मंग द्या ना सर तिचे मार्क.”

“पण बाहेर लिहिलं ना. आज हिला दिले, तर उद्या अख्खा वर्ग व्हरांड्यात बसेल.” मग अक्षरांकडे बोट करून म्हणाले, “अन् परवा समिती येते. हे बरं नाही दिसत. रंग मारून घे.”

बंडूनं रंग मारला. सत्य कळलं की माणूस बदलतो, असं मी आतल्या बाजूनं किती वेळा ऐकलं होतं. बाहेरच्या बाजूला दोन हात बसले.

आज मी दिसायला गुळगुळीत आहे. लोक मला ढकलून जातात, मी त्यांच्या बाह्या पकडतो, सगळं पहिल्यासारखं. फक्त हसू येत नाही. कधी या बाजूला आलात तर बाहेरून, कडीच्या जरा खाली हात फिरवा. रंगाखाली अक्षरं अजून लागतात. अन् उद्या मला सरपणात टाकलं, तर एवढं करा बाप्पा, बाहेरची बाजू शेवटी जाळा.

समिती आली त्या दिवसाचं सांगायचं राहिलंच. पाहुण्यांसाठी मला सताड उघडं ठेवलं होतं. पाहुणे म्हणाले, “मुलांनी स्वतः लिहिलेलं काही ऐकवा.” एक पोरगा उठला, एक पोरगी उठली. पुन्हा तोच समुद्र, तेच शहाळं. सरांच्या कपाळावर घाम आला.

तेवढ्यात माहेनूर धापा टाकत आली अन् सवयीनं माझ्यापाशीच थांबली. सरांचा चेहरा उजळला.

“ये ना बेटा, ये! साहेब, ही आमची माहेनूर. माझ्याच वर्गात घडलेली. माहेनूर, तो ‘वाट पाहणे’ वाच बरं यांना.”

माहेनूरनं सरांकडे पाहिलं. उंबरा ओलांडला नाही. एक हात माझ्यावर ठेवला, बरोबर कडीच्या जरा खाली.

“वाचते ना सर. आत येऊन वाचू, का जिथं लिहिलं तिथूनच?”