माझे इंजिन माझेच

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. रंगाने नारिंगी, लांब नाकाची, पन्नाशी ओलांडलेली. १९६९ च्या मार्चमध्ये डेट्रॉईटच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. माझे इंजिन गुरगुरले की घरांची तावदाने थरथरत.

ओहायोत पोलादाच्या भट्टीवर राबणाऱ्या एमेट ड्रिस्कॉलने मला हौसेने घेतले. रविवारी तो मला शर्यतीत पळवी. एकदा ऐन शर्यतीत माझ्या पोटात धडाका झाला आणि मी तीन महिने कोठारात पडून राहिले. पुन्हा धावू लागले, तेव्हा एमेटचा मेव्हणा फ्लॉइड गावभर सांगत सुटला, की जुने इंजिन गेले, हे दुसरेच आहे. गिअरबॉक्स फुटला, तेवढाच बदलला, असे एमेट परोपरीने सांगे. कोणाला पटले नाही. शेवटी थट्टेला कंटाळून त्याने मला बाहेर काढणेच सोडले. माझ्यावर ताडपत्री आली, आसनांत उंदरांनी संसार थाटले. दर वसंतात इंजिन मात्र तो न चुकता सुरू करून पाही.

एमेट ऐंशीचा झाला तेव्हा गावच्या संग्रहालयाने मला मागितले. अट एकच, इंजिन जन्माचे हवे. तपासायला ओडेसा टिलमन आल्या. मोटारींच्या कारखान्यात नव्या इंजिनांवर क्रमांक ठोकण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली होती.

माझ्या पुढच्या काचेखाली जो क्रमांक आहे, त्याचे शेवटचे आकडे जन्माच्या इंजिनावरही असतात. पण तिथे रंग आणि वंगणाचा थर बसला होता. फ्लॉइड तारेचा ब्रश घेऊन सरसावला. बाईंनी त्याचे मनगट धरले.

"घासू नका. आकडे कोणीही ठोकेल. त्यांच्याखालच्या रेघा गेल्या की गेल्या."

मऊ फडक्याने त्या तासभर हळुवार पुसत राहिल्या. आकडे जुळले. मग त्यांनी विजेरी तिरपी धरली. कारखान्यातल्या पात्याने उमटवलेल्या केसासारख्या रेघा आकड्यांमधून अखंड गेल्या होत्या. जुना क्रमांक खरवडून दुसरा ठोकला असता तर त्याही पुसल्या असत्या. शेवटी आरसा धरून इंजिनाच्या ओतकामाची तारीख वाचली. ती माझ्या जन्माआधी महिनाभराची होती.

"इंजिन हिचंच आहे," बाई म्हणाल्या. "गिअरबॉक्स नाही. मी दोन्ही लिहिणार."

"लिहा की," एमेट म्हणाला. "पन्नास वर्षं मी तेच सांगतोय."

फ्लॉइडने हातातला ब्रश खाली ठेवला. मग म्हणाला, "एमेट, चुकलो मी. गावासमोर तुला खोटं पाडलं."

एमेटने किल्ली त्याच्या हातावर ठेवली. "मग आता गावासमोरूनच ने हिला. मी शेजारी बसतो."

संग्रहालयापर्यंत फ्लॉइडने मला भर बाजारातून चालवत नेले. वाटेत भेटेल त्याला थांबवून तो स्वतःची चूक सांगत होता.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर पुसा, पण हात हलका ठेवा. त्यांच्या मळाखाली कोणाचा तरी खरेपणा जपलेला असतो. आणि एखाद्याला खोटा ठरवण्याआधी बॉनेट उघडून पाहण्याचे कष्ट तेवढे घ्या.