घंटा गप्प होते तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना सागवानी खटखट्या आहे. माझा आवाज कर्कश आहे आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही. एक मूठ, तिच्यावर फळी आणि फळीच्या दोन्ही अंगांना एकेक लाकडी हातोडी, एवढाच माझा संसार. मूठ धरून हलवली की हातोड्या फळीवर आपटतात: खट्, खट्, खट्!

आमच्या चर्चमधली घंटा पवित्र गुरुवारी गप्प होते, ती ईस्टरलाच पुन्हा बोलते. येशूला पकडून नेले, मारले, क्रुसावर खिळले, त्या दिवसांत गोड किणकिणाट कसा शोभेल? मग मला कपाटातून काढतात. एरवी सगळे कौतुक घंटेचे. तिला चिंच लावून लखलखीत घासतात आणि मी मेणबत्त्यांच्या खोक्यामागे धूळ खातो. खातो तर खातो! दुःखाच्या दिवशी माझ्यावाचून कोणाचे पान हलत नाही, एवढे मला पुरे आहे.

मला घडवले ठाण्यात, टेंभी नाक्याजवळच्या गोविंदा सुताराने, एका मोडक्या पलंगाच्या फळीतून. "एवढी छान घंटा असताना लाकूड कशाला बडवायचं, फादर?" त्याने विचारले होते.

"रडणारा माणूस सुरात रडतो का, गोविंदा?" फादर म्हणाले.

गोविंदाने मान डोलावली आणि हातोड्या आणखी जाड केल्या. त्याचे उपकार मी विसरलेलो नाही.

पुढे ठाण्याचे भाडे न परवडणारी कुटुंबे दिवा गावी राहायला गेली. त्यांनी दोन गाळे जोडून छोटे चर्च थाटले, तेव्हा मलाही तिकडे धाडले. तिथे मला वाजवायचे काम देवराम रिक्षावाल्याकडे आले. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, गल्लीतून क्रुसाची वाट निघते. येशू क्रूस घेऊन चालला, त्या वाटेवरच्या चौदा प्रसंगांना चौदा स्थाने म्हणतात. प्रत्येक स्थानाशी लोक थांबतात, प्रार्थना होते आणि देवराम मला तीनदा वाजवतो.

गेल्या नाताळच्या तोंडावर देवराम आणि कांता यांची तरुण लेक योगिनी काविळीने गेली. कांता चर्चमध्ये हमसून हमसून रडे. प्रार्थना-गटाच्या मेघनाताई तिला म्हणत, "कांताबाई, आवरा आता. देवाची इच्छा होती. एवढं रडणं म्हणजे विश्वास कमी पडला." मेघनाताई वाईट नाहीत. योगिनी गेल्यावर कांताच्या घरी त्यांनीच जेवणाचे डबे पोचवले होते. पण समजूत घालायच्या नादात त्यांनी तिचे तोंडच बंद केले.

कांता चर्चमध्ये यायची थांबली. देवराम माझ्यावरची धूळ पुसता पुसता फादरांना सांगत होता, "ती म्हणते, जिथं रडायची बंदी तिथं मी पाय ठेवणार नाही. आता कायमचंच सोडते म्हणते, फादर." मला तिचे म्हणणे पटले.

यंदाच्या उत्तम शुक्रवारी मेघनाताईंनी माझ्या हातोड्यांना जांभळी मखमल गुंडाळली. "फार कर्कश वाजतो, लोकांना त्रास होतो," त्या म्हणाल्या. माझा तिळपापड झाला. पण खटखट्याला कोण विचारतो! उशीवर चापट्या माराव्यात तसा मी थप्, थप् करत निघालो.

चौथे स्थान नेमके पाण्याच्या टँकरपाशी आले. रांगेत शेजारच्या शेवंतीबरोबर कांता उभी होती. आम्हाला पाहून तिने पाठ फिरवली. चौथ्या स्थानाशी येशूला वाटेत त्याची आई भेटते. मेघनाताईंनी वाचायला घेतले, "हे माते, लेकराचे दुःख तू एकही अश्रू न ढाळता, मुकाट्याने सोसलेस..."

"कोण म्हणालं?" कांता गर्रकन वळली. "कुठं लिहिलंय शास्त्रात? पोराला मारायला नेतायत आणि आई मुकाट उभी राहील होय?"

"अहो, आत्ता नको, कांताबाई."

"आत्ताच! शेवंती, माझे कॅन धर गं."

तिने देवरामच्या हातातून मला हिसकावले, मखमल ओरबाडून फेकली आणि मला हलवले. तीनदा नव्हे, ती थांबेचना. खिडक्या उघडल्या. रांग वळून बघू लागली. "माझी योगिनी का नेलीस?" ती आभाळाकडे बघून ओरडली. मी जन्मात इतका वाजलो नव्हतो. माझी एक हातोडी तडकली, तरी मी वाजतच राहिलो.

मेघनाताई तिला आवरायला धावल्या. फादरांनी हात आडवा घातला. "राहू द्या. देवा, मला का सोडलंस, असं येशू स्वतः क्रुसावरून ओरडला. त्याचा विश्वास कमी होता का? बायबलातल्या इयोबाची लेकरं गेली, तेव्हा त्यानंही देवाला जाब विचारला. देवाचा कोप झाला तो त्याला उपदेश पाजणाऱ्या मित्रांवर. कांताबाई, वाजवा."

तेव्हा देवराम मटकन खाली बसला आणि लेक गेल्यापासून पहिल्यांदाच रडला. उरलेल्या सगळ्या स्थानांना कांतानेच मला वाजवले.

ईस्टरच्या सकाळी घंटा घणघणली. मी कपाटात होतो, पण दार उघडे होते. कांता आली होती. येशू मेलेल्यांतून उठला आहे, असे फादर म्हणाले आणि सगळे गाऊ लागले. कांताला गाता येईना. ती रडत रडत उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मेलेल्यांना उठवीन, असा देवानं शब्द दिलाय. माझी पोर मला परत मिळेस्तोवर मी त्याला त्या शब्दातून सुटू देणार नाही."

तिच्या शेजारी मेघनाताई होत्या. "आमेन," त्या म्हणाल्या आणि त्यांनाही रडू फुटले.

मित्रांनो, मला वाळवीपासून जपा, तडकलेली हातोडी सुताराकडून बसवून घ्या. पण त्याहून मोठे मागणे असे की, रडणाऱ्याला गप्प करू नका. तो देवाशी भांडत असेल तर भांडू द्या. ज्याची आशा संपली, तो कोणाशीच भांडत नाही.