उत्तरासाठी सोडलेली जागा

"काकू, तुमचं वाक्य झालं की जरा थांबा. मुलाचं उत्तर नंतर जोडायचंय. तो पोरगा उद्या येतोय."

स्टुडिओच्या काचेपलीकडून निरंजन बोलला, तसे विनयाने हेडफोन कानांवर नीट बसवले. समोर कागद.

आई : बेटा, हेलमेट! चौराहे पर चालान कट जाएगा।
बेटा :

बेट्यापुढे कोरं.

"निरंजन, यातलं चालान, ते दंडाचं, काढू या का?"

"का हो, काकू?" म्हणाला आणि त्याने जीभ चावली. नागपूरहून बदली होऊन आलेला हा सरकारी अधिकारी तिच्या मुलाच्या, सिद्धेशच्या तेराव्याला पंगतीत वाढायला उभा होता.

कट.

मागची जाहिरातही विनयाच्याच आवाजातली. रेल्वेतल्या इंजिनिअरची बायको म्हणून ती लखनौला आली आणि इथल्या हिंदीत अशी मुरली, की डास, मतदान, पोलिओ, सरकारला जे जे लोकांना पटवायचं ते तिच्या तोंडून. 'चालान से बचिए, हेलमेट पहनिए.' गोमती नगरच्या सिग्नलवर दिवसभर वाजायचं.

सिद्धेशला त्याची भारी गंमत. ती मराठीत बोले, तो हिंदीत उत्तर देई.

"डोक्यात घाल की रे. कोपरात काय लटकवतोस?"

"अरे आई, तुम ही तो बोलती हो! चालान तो चौराहे पे कटता है. गली में कौन काटेगा?"

चौराहा आला की हेल्मेट डोक्यावर, चौराहा सरला की परत कोपरात. विनयाही हसली होती. सगळ्या शहराला सांगितलं, पण शब्दन् शब्द पाळला तो घरातल्याने.

त्या संध्याकाळी त्याला अलीगंजातल्या घरापासून नुसतं नाक्यापर्यंत जायचं होतं. कोथिंबीर. हेल्मेट दाराशी, खुंटीवर. स्कूटरपुढे गाय आली. तिथे चौराहा नव्हता, पोलीस नव्हता, चालान

कट.

"मजकूर वरून पास झालाय हो," निरंजन खालच्या आवाजात म्हणाला. "चालान म्हटलं की लोक ऐकतात."

"ऐकतात ना. चौराह्यापुरतं."

त्याने कागद पुन्हा वाचला. मग म्हणाला, "बरं, दोन्ही करू. आधी तुमचं. मी साहेबांना ऐकवतो."

रेकॉर्डिंग करणाऱ्या असलम भाईंनी बोट उचललं. लाल दिवा लागला.

"बेटा, नुक्कड़ तक ही जाना है न? तब भी पहन लो।"

आणि ती थांबली. जरा थांबायचं होतं. ती थांबलीच. पुढे काही बोलायचं नव्हतं, हलायचं नव्हतं, फक्त समोरच्याला बोलू द्यायचं होतं. असलम भाईंचं बोट बटणावर होतं, ते दाबेनात. निरंजन पाठमोरा झाला.

शेवटी तिनेच घसा खाकरला. "आता तुमचं घ्या."

चालानवालं पहिल्याच झटक्यात झालं. आवाजात काळजी, थोडा लटका राग, सगळं जिथल्या तिथे.

दोन्ही फोनमध्ये उतरवून घेऊन निरंजन बाहेर गेला. साहेबांना ऐकवलं असावं. परत आला तो जमिनीकडे बघत.

"पासवालंच, काकू. मी बोललो हो, पण…"

"अरे, तू कशाला वाईट वाटून घेतोस?"

असलम भाईंनी काचेआडून विचारलं, "दीदी, आपका वाला मिटा दें?"

"एक बार सुना दीजिए."

त्यांनी लावलं. तिचा आवाज आला, संपला. मग ती जागा. एसीची घरघर, तिचाच श्वास. विनयाने हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले. मान जराशी दाराकडे वळली होती, घरी सिद्धेश निघताना वळायची तशी.

जागा संपली.

"अब मिटा दीजिए, भाई," ती म्हणाली, आणि उठून हेडफोन खुंटीवर अडकवले.