ढिल्या पट्ट्यावरचा निकाल

मित्रांनो, एका पत्राला चार वर्षे उत्तर गेले नाही. पत्र माझ्या नावाने आले नव्हते, पण ज्या चुकीबद्दल ते होते तिच्यात माझा मोठा वाटा होता. म्हणून ही हकिगत मीच सांगणार. मी सिंदी रेल्वे या गावातल्या बाबारावांचा टेपरेकॉर्डर. माझे झाकण आता सुतळीने बांधावे लागते, तरी मला कोणी भंगार म्हटलेले मी खपवून घेत नाही.

१९९० साली नागपूरच्या सीताबर्डीवरून मी सिंदीला आलो, पॅसेंजर गाडीत बाबारावांच्या मांडीवर बसून. बाबाराव गावच्या वाचनालयाचे ग्रंथपाल. माणूस इतका बुजरा, की वाचनालयात कोणी मोठ्याने बोलू लागले तर त्याला गप्प करण्याऐवजी स्वतःच आतल्या खोलीत जाऊन बसायचे. बोलणे जमत नसे, म्हणून ते लिहीत. वर्ध्याच्या एका साप्ताहिकात त्यांचे सदर होते. पॉप आणि जॅझच्या नव्या कॅसेटी ऐकण्याजोग्या आहेत की नाहीत, हे त्यात असे. जॅझ म्हणजे काय, हे त्यांनी आधी पुस्तकात वाचले आणि मग माझ्याकडून ऐकले. एक चाल घ्यायची आणि वाजवता वाजवता तिला रोज नवी वाट दाखवायची, असे ते संगीत.

गावाला याचे हसू येई. भजनी मंडळाचे पेटीवाले नत्थूजी ओसरीवरून विचारत, "का जी बाबाराव, हे भोंगे काऊन ऐकून राह्यले? म्हैस तर व्याली नाई ना?" बाबाराव नुसते हसत आणि माझा आवाज कमी करत. मला मात्र राग येई. मुंबईतल्या माणसाला कान असतात, मग सिंदीतल्या माणसाला काय शिंगे असतात?

त्यांची एक रीत होती. प्रत्येक कॅसेट तीनदा ऐकायची. पहिल्यांदा डोळे मिटून. दुसऱ्यांदा कागद-पेन घेऊन. तिसऱ्यांदा मला स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवून, यशोदाबाई भाजी चिरत असताना. ज्या गाण्याला यशोदाबाईंची विळी थांबे, त्या गाण्यात काहीतरी आहे, असे ते धरत. मग निकाल. निकाल तीनच: "ऐका", "उसनी मिळाली तर ऐका" आणि "राहू द्या". वर्ध्याचा एक कॅसेटवाला तो निकाल कापून दुकानाच्या काचेवर चिकटवायचा. त्या दिवसांत मी स्वतःला न्यायाधीश समजत होतो.

१९९८ च्या मे महिन्यात नागपूरच्या ओमप्रकाश नावाच्या सॅक्सोफोनवाल्याची कॅसेट आली. हा माणूस वरातीच्या बँडमध्ये वाजवणारा. चार सोबती जमवून त्याने स्वतःचा जॅझ अल्बम केला होता, 'उलटी दुपार'. बाबारावांनी तो तीनदा ऐकला. विळी एकदाही थांबली नाही. त्यांनी लिहिले, "वादक पेंगत वाजवतात. सहाही गाणी पाय ओढत चालतात. राहू द्या." निकाल काचेवर लागला आणि वर्ध्यात ती कॅसेट कोणी मागितली नाही.

पंधरा दिवसांनी पत्र आले. बाबारावांनी ते माझ्याशेजारी बसून वाचले, पहिल्यांदा मनात आणि मग यशोदाबाईंना मोठ्याने. "काकाजी, आम्ही पेंगलो का तुम्हीच झोपून राह्यले होते? आमचं पहिलं गाणं ऐकून वरातीतली घोडी बिचकते. सिंदीत बसून जॅझ समजते का? एकदा पुन्हा ऐका. चूक तुमची असेल तर तसं लिहा. माझी असेल तर कुठं चुकलो ते सांगा. पण सांगा."

बाबारावांनी पुन्हा ऐकले. गाणी तशीच पेंगली. म्हणजे दोष आपल्या कानांतच असला पाहिजे, असे त्यांनी ठरवून टाकले. उत्तराचे चार कागद फाडले. पुढच्या आठवड्याचे सदर पाठवले नाही, त्याच्या पुढचेही नाही. माझ्यावर जुना टॉवेल घालून मला कपाटावर ठेवले. मित्रांनो, यंत्राला धूळ सोसते. पण एका माणसाने स्वतःच्या कानांवरचा विश्वास टाकून द्यावा आणि आपण वरून नुसते पाहत राहावे, हे सोसत नाही.

२००२ च्या श्रावणात नत्थूजींना एका जुन्या भजनाची चाल हवी होती. ते भजन त्यांच्याच मंडळाने १९९३ साली माझ्यावर भरले होते. मला खाली उतरवले. नत्थूजी पेटी घेऊन माझ्यासमोर बसले, कॅसेटबरोबर वाजवू लागले आणि थांबले. पुन्हा लावले, पुन्हा थांबले.

"आमचं मंडळ जन्मात काळी दोन पट्टीच्या खाली गायलं नाई," ते म्हणाले. "हा तुमचा टेप काळी एकमधी गाऊन राह्यला. पेटी घरचीच आहे, ते नाई उतरत. टेप उतरला."

बाबारावांनी कपाटातून 'उलटी दुपार' काढून हातात घेतली. दुसऱ्याच दिवशी ते मला चादरीत गुंडाळून एसटीने जवळच्या सेलूला घेऊन गेले. तिथल्या रामाजी मेकॅनिकने माझी पाठ उघडली आणि चिमट्याने रबरी पट्टा बाहेर काढला. तो शेवयासारखा लोंबत होता. आमच्याकडच्या उन्हाने तो कधीच लांबला होता. म्हणून चक्र हळू फिरे आणि सूर खाली जाई. कुलूप-किल्लीतल्या वस्तूही बिघडतात, मी तर रोज राबत होतो.

नव्या पट्ट्यावर त्यांनी 'उलटी दुपार' लावली. पहिल्याच गाण्याला यशोदाबाईंची विळी थांबली. त्या म्हणाल्या, "अवं, हे तर धावते."

मग त्यांनी १९९८ च्या त्याच उन्हाळ्यातली दुसरी एक कॅसेट लावली. तिच्यातल्या पॉप गायिकेच्या "भारदस्त, पोक्त" आवाजाची बाबारावांनी तारीफ केली होती. माझ्यातून एका कोवळ्या पोरीचा आवाज आला. तिने मात्र कधी तक्रारीचे पत्र लिहिले नव्हते.

नत्थूजींचा सल्ला होता, की चार वर्षांनी कोण विचारते, आणि लिहायचेच तर सगळे छान म्हणून मोकळे व्हावे. यशोदाबाई म्हणाल्या, "टेपचं चुकलं, तुमचं काय चुकलं?"

"टेप वाजतो," बाबाराव म्हणाले. "ऐकायचं काम माझं होतं."

मी तर म्हणतो, दोष खुशाल माझ्यावर टाका. पण मित्रांनो, एवढे लक्षात ठेवा. ज्याच्यातून तुम्ही जग ऐकता, त्याची पाठ वर्षातून एकदा उघडून पाहा. आणि कोणी तुमच्या गावाचे नाव घेऊन तुमच्या कानांना हसले, तर कान झाकू नका. ते तपासा आणि पुन्हा ऐका.

बाबारावांनी तीनदा ऐकले आणि लिहिले. "ओमप्रकाशजी, माझ्या यंत्राचा पट्टा ढिला होता आणि ते तपासण्याची अक्कल मला नव्हती. चूक माझी. साप्ताहिकालाही तसे कळवत आहे. तुमची चार गाणी सुरेख धावतात. निकाल: ऐका. मात्र चौथे आणि सहावे गाणे योग्य वेगातही लांबले आहे. तुम्ही वाट सोडता आणि परत यायचे विसरता. हे मत मी सिंदीत बसून देत आहे आणि ते मागे घेणार नाही."

नत्थूजींनी ते वाचून शेवटच्या ओळी खोडायला सांगितल्या. बाबारावांनी पत्र घडी करून खिशात घातले. चप्पल घालून स्टेशनाजवळच्या पोस्टाकडे गेले.

परत आले तेव्हा यशोदाबाई दारातच होत्या. "टाकलं?"

"टाकलं."

"शेवटचं खोडलं तर नाई ना?"

"नाही. होतं तसंच टाकलं."