दुधाच्या जाहिरातीतलं जपानी गाणं

टीव्हीवर ती जाहिरात लागली आणि कांदा चिरता चिरता श्रद्धा गजभियेचा हात थांबला. बाहेरच्या खोलीत तिचा स्वतःचा आवाज जपानी भाषेत गात होता, आणि घरात कुणालाच ते ठाऊक नव्हतं.

बहारीनमधल्या उम्म अल हस्सम भागातल्या एका लहानशा जाहिरात-स्टुडिओत ती कामाला होती. चित्रीकरणाच्या वेळा जुळवायच्या आणि तयार झालेली जाहिरात चॅनेलला पाठवायची, हे तिचं काम. या रमजानसाठी एका दूध कंपनीने सायोको तोबाता या जपानी गायिकेचं गाणं घेतलं होतं. सायोकोची गाणी जपानात जाहिरातींतूनच घराघरांत पोचलेली. लोक म्हणे दुकानात जाऊन ‘ते टूथपेस्टवालं गाणं’ मागायचे. या जाहिरातीसाठी ती नव्याने गाऊन पाठवणार होती. तोवर चित्रं सुरावर बसवायला कुणीतरी गायला हवं होतं, म्हणून श्रद्धाने शब्द देवनागरीत उतरवून घेतले आणि गायली. नागपूरच्या वस्तीत भीमजयंतीच्या मंचावर तयार झालेला तिचा गळा. लग्नानंतर, बहारीनला आल्यावर तो गप्पच झाला होता. त्या दिवशी मात्र सूर असा लागला की एडिटरनेही मान वर करून पाहिलं.

मग सायोको आजारी पडली, रेकॉर्डिंग लांबलं आणि रमजान तोंडावर आला.

“यही भेज दो, श्रद्धा,” स्टुडिओची मालकीण खदिजा म्हणाली. “असली आवाज आएगी तो बदल देंगे. किसी को बोलना नहीं.”

श्रद्धाने जाहिरात पाठवली आणि घरीही तोंड मिटून घेतलं. खरं रेकॉर्डिंग काही येईना.

“मम्मा! दॅट्स नॉट हर!”

बाहेरच्या खोलीत जाहिरात संपायच्या आतच विशाखा सोफ्यावरून ताडकन उठली होती. पंधरा वर्षांची ही पोर सायोकोची वेडी चाहती. तिच्या पलंगामागची भिंत सायोकोच्या फोटोंनी भरून गेली होती.

“काय झालं, बेटा?”

“ही सायोको नाहीच. शी नेव्हर ब्रीद्स देअर. इट्स फेक!”

“काहून तापून राहिली?” सोफ्यावरून तिचा बाप, प्रज्योत, हसला. तो एका लिफ्ट कंपनीत सुपरवायझर होता आणि नुकताच तुबलीच्या साइटवरून आला होता. “दुधाची जाहिरात आहे ना. आवाज कोणाचाही असो.”

विशाखाने तोवर फोन उचलला होता. तिने जाहिरातीतला तुकडा आणि सायोकोचं मूळ गाणं शेजारी शेजारी लावलं आणि चाहत्यांच्या ग्रुपवर टाकून दिलं. श्रद्धा ओट्याशी उभी राहून ते बघत होती. कांदा बारीक होत होत पार लगदा झाला तरी तिच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मनीलापासून जकार्तापर्यंतचे लोक त्या तुकड्यावर बोलत होते. विशाखा एकेक वाचून दाखवत होती. कुणाच्या मते तो मशीनचा आवाज होता. कुणी लिहिलं होतं, ही बाई शेळीसारखी गाते. विशाखा खळखळून हसली. श्रद्धा तिच्या ताटात भाजी वाढत राहिली.

“आता ही अ‍ॅड कोणी बनवली ते शोधून राहिलेत,” विशाखा म्हणाली.

संध्याकाळी खदिजाचा फोन आला, कुणीतरी स्टुडिओचं नाव शोधून काढलं होतं. श्रद्धाला पुढचं दिसू लागलं. मुलीने टाकलेल्या तुकड्यामुळे आईची नोकरी जाणार, नोकरी गेली की व्हिसा जाणार, आणि यातलं पोरीला काहीच माहीत नाही.

“विशाखा, ते काढून टाक.”

“व्हाय? दे आर चीटिंग, मम्मा. तूच म्हणतेस ना, खोटं दिसलं तर गप्प बसायचं नाही.”

श्रद्धाने जाहिरातीतली ती ओळ हलक्या आवाजात गायली. मधे श्वास घेतला, तोही तिथेच.

विशाखाचा चेहरा उतरला. तिने फोन खाली ठेवला.

“तू गातेस?” तिने विचारलं. नुसत्या मराठीत.

तिने ते काढून टाकलं, पण तोवर शंभर जणांनी आपापल्या पानावर चढवलं होतं.

सकाळी खदिजाने श्रद्धाला केबिनमध्ये बोलावलं. जपानहून सायोकोच्या कंपनीची माणसं दुपारी व्हिडिओ कॉलवर येणार होती. खदिजाचे डोळे रडून सुजल्यासारखे दिसत होते.

“तुम बोलना, गलती से गलत फाइल चली गई. बस, खलास. मैं तुमको कुछ होने नहीं दूँगी.”

श्रद्धाने प्रज्योतला फोन लावून खदिजाचं म्हणणं सांगितलं. तो लिफ्टच्या डक्टमध्ये असावा, आवाज घुमत होता.

“म्हणून टाक बापा,” तो म्हणाला. “पण नंतर खदिजानं हात वर केले तर? चूक तर तुझ्याच नावावर राहीन ना.”

“तेच तर समजून नाही राहिलं मला.”

“तुला जे पटते ते कर. घर मी पाहतो.”

दुपारी पडद्यावर राखाडी कोटातली एक वयस्क बाई दिसली. सोबत दुभाषी होता. आवाज चढवणं नाही, टेबल आपटणं नाही. त्यामुळे श्रद्धाला आणखीच धडकी भरली. बाईंनी विचारलं, गाणारी कोण?

“मी,” श्रद्धा इंग्रजीत म्हणाली.

फाइल कुणी पाठवली?

“मीच पाठवली.”

चुकून?

खदिजा समोरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत होती. हो म्हटलं की सुटका होती. एवढासा शब्द.

“नाही,” ती म्हणाली. “चुकून नाही.”

मग पाठवायला कुणी सांगितलं, हा पुढचा प्रश्न येणार, हे दोघींनाही कळत होतं. तो यायच्या आतच खदिजाने ग्लास बाजूला सारला.

“मी सांगितलं होतं तिला,” ती इंग्रजीत म्हणाली. “निर्णय माझा होता.”

त्याच संध्याकाळी जाहिरात बंद झाली. पुढच्या आठवड्यात सायोकोचं रेकॉर्डिंग आलं आणि खऱ्या आवाजात ती पुन्हा सुरू झाली. दूध कंपनीने मात्र पुढचं काम दुसऱ्या स्टुडिओला देऊन टाकलं. खदिजा बरेच दिवस श्रद्धाशी कामापुरतंच बोलली. कधीही बोलावून ‘बस झालं’ म्हणेल, या धास्तीने श्रद्धा रोज ऑफिसात शिरायची. तसं काही झालं नाही. एक दिवस खदिजाने जाता जाता तिचा पासपोर्ट मागितला, व्हिसा वाढवायला. श्रद्धाने बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं.

शुक्रवारी दुपारी विशाखा तिच्याजवळ येऊन बसली.

“आई, पूर्ण गाणं येतं तुला?”

“नाही गं. जाहिरातीत होतं तेवढंच. पुढचं मी ऐकलंच नाही.”

विशाखाने एक इअरफोन आईच्या कानात घातला, दुसरा स्वतःच्या. जाहिरातीतला तुकडा संपला आणि पुढे गाणं एकदम हळू झालं, बोलल्यासारखं.

“इथे ती काय म्हणते?” श्रद्धाने विचारलं.

“घरी फोन करते ती. पण कोणी उचलत नाही.” विशाखाने फोनमध्ये पाहिलं. “मला पण नीट नाही माहीत. मी शोधून सांगते.”

श्रद्धाने मान हलवली आणि गाणं पहिल्यापासून लावायला सांगितलं.